बॅटरी नवी, साखळी जुनीच

मार्चच्या अखेरीस व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या वसाहतींतून फिरलं की पालवी फुटायच्या आधीच पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडं रस्त्याकडेला ओळीने उभी दिसतात. भारतातून नुकतंच आलेलं कुटुंब त्यांच्यासमोर हमखास फोटो काढून घेतं. वॉशिंग्टनची प्रसिद्ध चेरी ती हीच, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते असतं ब्रॅडफर्ड पेअर, म्हणजे नासपतीची शोभेची जात. अमेरिकी कृषी खात्याच्या ग्लेन डेल इथल्या केंद्रात, म्हणजे शेजारच्या मेरीलँडमध्येच, ती निवडली गेली आणि १९६० च्या दशकात रोपवाटिकांमधून देशभर पसरली. झाड भराभर वाढतं, कशाही मातीत तगतं, फुलतं झकास. बिल्डरला आणखी काय हवं? दोष एवढाच की त्याच्या फांद्या खोडाला फार चिंचोळ्या बेचक्यात जोडलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांचं झालं की त्याला त्याचाच भार पेलवत नाही, आणि एखाद्या वादळी रात्री ते बेचक्यात उभं फाटतं.

वादळांची या भागाला वाण नाही. फेब्रुवारी २०१० मधल्या हिमवादळात हर्नडनला खेटून असलेल्या डलेस विमानतळावर ३२ इंचांहून जास्त बर्फ पडला. ओला बर्फ फांदीवर साचला की फांदी आधी वाकते आणि मग मोडते. २९ जून २०१२ च्या रात्री ‘डेरेचो’ नावाची, शेकडो किलोमीटर सरळ रेषेत धावणारी वाऱ्याची भिंत उत्तर व्हर्जिनियावर आदळली. राज्यात दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि तीही ऐन उन्हाळ्यात. (गावाचं नावसुद्धा वादळाशीच बांधलेलं आहे. १८५७ मध्ये चक्रीवादळात बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ या जहाजाचा कप्तान विल्यम लुईस हर्नडन याच्यावरून ते पडलं.)

आता या गावात आणि आसपास राहणारी मराठी माणसं पाहा. बहुतेकांचं आयुष्य संगणकासमोर गेलेलं. पुण्यात किंवा नाशकात सोसायटीतलं झाड छाटायचं तर माळी यायचा, नाहीतर महापालिकेकडे अर्ज जायचा. इथे मागच्या अंगणात पडलेली फांदी स्वतःची असते, आणि ती उचलायला बोलावलेल्या माणसाचं बिल पाहिल्यावर बॅटरीवर चालणारी मिनी चेनसॉ एकदम स्वस्त वाटू लागते. चार, सहा किंवा आठ इंचांची पट्टी, ड्रिल मशीनसारखी मूठ, खटका दाबला की सुरू. पेट्रोल नाही, धूर नाही, दोरी ओढणं नाही. साहजिकच असा समज होतो की मिक्सरसारखी ही वस्तूही वापरायची, पुसायची आणि कपाटात ठेवायची.

गडबड तिथेच होते. बॅटरीने या करवतीतलं इंजिन काढून टाकलं: स्पार्क प्लग, कार्बुरेटर, एअर फिल्टर, इंधनात तेल मिसळण्याची कटकट, सगळं गेलं. पण लाकूड कापण्याचं काम जी करते ती साखळी पेट्रोलच्या करवतीतलीच आहे, फक्त लहान झालेली. तिला धार, ताण आणि तेल लागतंच. उलट मी तर म्हणेन, बॅटरीच्या करवतीला निगा जास्त लागते. पेट्रोलचं लहान इंजिनही एक-दीड किलोवॉटच्या घरातलं असतं. बोथट साखळीसुद्धा ते रेटत नेतं. इथे हिशेब फार तोकडा आहे. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. मोटरने सलग ३६० वॉट ओढले तर सहा मिनिटांत खेळ खलास. धार गेलेली साखळी लाकडाशी नुसती घासत बसते आणि ही सहा मिनिटं उष्णतेत घालवते. ‘बॅटरी टिकत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा खरं तर साखळीची असते.

ती साखळी मुळात आली कुठून हे पाहण्यासारखं आहे. साखळीला दाते लावून कापायची कल्पना लाकूडतोड्यांची नव्हेच, ती शल्यचिकित्सकांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली होती. लाकडासाठीची यंत्रं विसाव्या शतकात आली. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. म्हणजे विजेची करवत पेट्रोलच्या करवतीची धाकटी नव्हे, थोरली बहीण. पण त्या काळच्या साखळ्यांचे दाते हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे असत आणि सारखे भरून बसत. ऑरेगनमधला जोसेफ बफर्ड कॉक्स हा लाकूडतोड करणारा गृहस्थ. १९४६ मध्ये त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी कधी डावीकडून तर कधी उजवीकडून कुरतडत, आडव्या-उभ्या कोणत्याही धाग्यातून सहज पुढे सरकत होती. कॉक्सने तसेच आलटून-पालटून डावे-उजवे, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले दाते साखळीवर बसवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कारखाना काढला. आज हर्नडनच्या गॅरेजातल्या चार इंची करवतीवर जे दाते आहेत ते त्याच अळीच्या वंशातले.

साखळीकडे नीट पाहिलं की निगा कशाची घ्यायची ते आपोआप कळतं. मात्र पाहण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. खटका बंद आहे, कुलूप लावलं आहे, हे पुरेसं नाही. पेट्रोलची करवत दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही. बॅटरीची करवत खटक्याला बोट लागताच फिरते, आणि त्या वेळी दुसरा हात साखळीवर असतो. या एका बाबतीत ती पेट्रोलच्या करवतीपेक्षा धोकादायक आहे.

प्रत्येक दात्याचे दोन भाग असतात. मागचा वळलेला, धारदार. त्याच्यापुढे एक बोथट उंचवटा, जो धारेपेक्षा किंचित बुटका असतो. हा उंचवटा किती बुटका आहे त्यावर दाता लाकडात किती खोल चावा घेणार ते ठरतं. लहान साखळ्यांत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असतो. नवखा माणूस दाताच घासतो आणि उंचवटा विसरतो. दाता मागे मागे उतरता असतो, त्यामुळे दर घासणीला त्याची उंची थोडी कमी होते. शेवटी तो उंचवट्याच्या बरोबरीला येतो आणि धार असूनही कापत नाही. म्हणून चार-पाच वेळा धार लावली की उंचवट्यावरून चपटी कानस हलकेच फिरवावी लागते. त्यासाठी मापाची छोटी पट्टी मिळते, ती वापरावी. अंदाजाने जास्त घासलं तर उलटं होतं: दाता मोठा घास घ्यायला जातो, साखळी अडकते, करवत हातात झटका देते आणि बिचारी लहान मोटर जागच्या जागी थांबते.

धार गेली हे कापताना ओळखायचं. धारदार साखळी ढलप्या उडवते, बोथट साखळी पीठ. पांढरा बारीक भुसा पडू लागला, करवत दाबावी लागली, लाकडातून जळका वास आला, की थांबायचं. साखळी नवी असून पहिल्याच फांदीवर हे घडलं तर आधी ती उलटी बसवली नाही ना ते पाहा. पट्टीच्या वरच्या बाजूला दात्यांची धार टोकाकडे रोखलेली हवी. ही चूक भल्याभल्यांकडून होते, आणि मग कंपनीला शिव्या बसतात.

धार लावायला गोल कानस लागते, आणि तिची जाडी साखळीच्या मापाची हवी. या करवतींवर बहुधा पाव इंच पिचची साखळी असते. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा. पण पाव इंच पिचच्याही दोन जाती आहेत: काहींना ३.२ मिलिमीटरची कानस लागते, काहींना ४ मिलिमीटरची. माहितीपुस्तिकेत किंवा साखळीच्या पाकिटावर ते छापलेलं असतं. चार मिलिमीटरची कानस लहान दात्यावर मारली तर दात्याचा गळाच पालटतो आणि धार बसत नाही. पट्टी व्हाइसमध्ये घट्ट धरायची, कानस साधारण ३० अंशांत तिरकी ठेवायची (दात्याच्या माथ्यावर बहुधा कोनाची रेघ कोरलेली असते), आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायची, परत येताना उचलून आणायची. आपल्याकडचे जुने सुतार हातकरवतीचे दात घासताना नेमकं हेच करत. मागे येताना कानस घासली तर धार तर लागत नाहीच, कानशीचे दात मात्र मोडतात. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग करवत फिरवून दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकाला सारखेच हात. डाव्या बाजूला चार आणि उजव्या बाजूला दोन मारले तर करवत सरळ न कापता एका अंगाला वळत जाते.

इतक्या बारीक दात्यांवर कानस मारायची तर चाळिशी ओलांडलेल्यांना चष्मा आणि चांगला दिवा लागतो. काही जण सरळ नवी साखळी घालतात. लहान साखळ्या फार महाग नसतात, त्यामुळे मी त्याला आळस म्हणणार नाही. पण मोठं काम निघालं की दुकान बंद असतं, म्हणून कानस मारता आलेली बरी, आणि एक जादा साखळी घरात असलेली त्याहून बरी.

साखळी बोथट लाकडाने कमी, मातीने जास्त होते. वादळानंतर फांदी जमिनीवर आडवी असते. तिला चिकणमाती लागलेली असते. कापता कापता पट्टीचं टोक खाली मातीत जातं. त्या एका क्षणात वाळूचे कण जेवढी धार खातात तेवढी दिवसभराचं मेपल खाणार नाही. खाली एखादं लाकूड सरकवून फांदी उचलून घ्यावी. बांबूचंही तसंच. त्याच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. फेअरफॅक्स कौंटीने १ जानेवारी २०२३ पासून पसरणारा बांबू आपल्या हद्दीबाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर टाकली, आणि तेव्हापासून बांबू कापणं हे इथल्या कैक घरांचं शनिवारचं काम झालं. बांबूसाठी जुनी साखळी ठेवावी आणि नवी झाडासाठी राखावी.

ताण पाहायला सोपा आहे. साखळी पट्टीला खालून लागून हवी, लोंबती नको. तरी हातमोजा घातलेल्या हाताने ओढली तर न अडखळता फिरायला हवी. वरून चिमटीत धरून उचलली तर तिच्या खालच्या कड्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते, तेव्हा ती मधून मधून पाहावी लागते. कापताना साखळी तापून लांबते आणि सैल दिसते. ती तशीच गरम असताना ताणली आणि करवत ठेवून दिली, तर थंड झाल्यावर ती आखडते आणि पट्टी व मोटरच्या दांड्यावर ताण देत बसते. म्हणून काम संपल्यावर थोडी सैल करूनच ठेवायची.

तेलाबद्दल मात्र मराठी घरांत चर्चा हमखास स्वयंपाकघरापर्यंत जाते. अनेक मिनी करवतींना स्वतःचा तेलाचा पंप नसतो. बाटलीने दर काही कापांनंतर आपणच साखळीवर तेल सोडायचं असतं. बाजारात या कामाचं जे तेल मिळतं त्यात चिकटपणा वाढवणारं द्रव्य घातलेलं असतं, म्हणून वेगाने फिरणाऱ्या साखळीवरून ते उडून जात नाही. ते संपलेलं असतं आणि समोर ओट्यावर तेलाचा डबा असतो. एका दुपारपुरतं खाद्यतेल चालेल. करवत काही लगेच मरत नाही. पण ते साफ न करता ठेवलं तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट, चिकट राळेसारखं होतं. जवसाचं तेल यात सर्वांत पुढे, म्हणून तर ते रंगात घालतात. करडईही त्याच वाटेने थोडी जाते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा हर्नडनच्या नोव्हेंबरमधल्या गॅरेजात त्याचं काय होईल ते सांगायला नको. गाडीचं वापरलेलं काळं तेल तर अजिबात नको. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि तो साखळीबरोबर उडून अंगणभर, अंगावर पसरतो.

दर वापरानंतर बाजूचं झाकण उघडून आतला भुसा काढावा. तेलात भिजलेला भुसा साखळी फिरवणाऱ्या स्प्रॉकेटभोवती घट्ट बसतो आणि तेलाची वाट बुजवतो. जुना दातांचा ब्रश या कामाला उत्तम. पट्टीची खाच पातळ पत्र्याने कोरून साफ करायची. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर अधूनमधून वरची बाजू खाली करून बसवायची, म्हणजे झीज सारखी होते. कडांवर बोटाला टोचेल असा पत्रा वर आला असेल तर तो चपट्या कानशीने उतरवायचा. फिरत्या साखळीतून सुटलेला भाग तोंडावर येऊ शकतो, हे लक्षात ठेवून तडा गेलेली कडी दिसली की साखळी टाकून द्यायची. इथे काटकसर नको.

साफसफाईची आणखी एक गोष्ट या भागात फार महत्त्वाची आहे, आणि माहितीपुस्तिकेत ती सापडत नाही. इथल्या मोठ्या झाडांवर केसाळ दोरखंडासारखी एक वेल चढलेली दिसते. ही पॉयझन आयव्ही, तीन तीन पानांची. तिच्या चिकातलं उरुशिऑल कातडीला लागलं की एक-दोन दिवसांत पाण्याने भरलेले फोड येतात. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल उतलेलं, किंवा विदर्भ-मराठवाड्यात बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे नवं नाही. काजू, बिब्बा, आंबा आणि पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली. हिवाळ्यात पानं गळलेली असतात आणि वेल निरुपद्रवी वाटते, पण चीक तसाच असतो. फांदी कापताना साखळी त्या वेलीतून गेली तर चीक साखळीवर, पट्टीवर, मुठीवर बसतो आणि कित्येक महिने तिथे टिकतो. नंतर कधीतरी साखळी बदलताना माणसाला पुरळ उठतं आणि कारण उमगत नाही. अशा कामानंतर बॅटरी काढावी, पाणी झिरपू न देणारे हातमोजे घालून साखळी व पट्टी सुटी करावी, भांड्याच्या साबणाने घासून भरपूर पाण्याने धुवावी, लगेच कोरडी करून तेल लावावं, नाहीतर गंजते. मोटरचा भाग पाण्यात घालायचा नाही. तो साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचा. कापलेली वेल जाळायची तर मुळीच नाही, कारण धुरातून चीक फुप्फुसात जातो.

राहिली बॅटरी. तिच्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असो वा ‘१८ व्होल्ट’, आत बहुधा तेच असतं: एकापुढे एक जोडलेले पाच लिथियम-आयन सेल. प्रत्येकी ३.६ धरले तर १८, पूर्ण भरलेल्या अवस्थेत मोजले तर २० च्या वर. बाकी सगळी जाहिरात. ही बॅटरी नाजूक आहे ती थंडीच्या बाबतीत. डलेसला जानेवारीतल्या पहाटेचं सरासरी तापमान शून्याखाली चारेक अंश असतं, आणि बिनहीटरचं गॅरेज त्यापेक्षा फार उबदार नसतं. इतक्या थंड बॅटरीला चार्जिंग लावलं की लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता ऋण टोकावर धातूच्या थरासारखं साचतं. ती क्षमता परत मिळत नाही, आणि थर वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. चांगले चार्जर थंड बॅटरी ओळखून नकार देतात. स्वस्त चार्जरवर एवढा विश्वास टाकू नये. बॅटरी घरात आणावी, तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग लावावी. थंडीत वापरायला हरकत नाही, फक्त ती लवकर दमते. हिवाळाभर ठेवायची तर पूर्ण भरून नको, पूर्ण रिकामी तर नकोच. निम्म्याच्या आसपास भरून, करवतीतून काढून, घरात कोरड्या जागी. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरणं हाही तिचं आयुष्य कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

मेलेली किंवा फुगलेली बॅटरी घराबाहेरच्या कचऱ्याच्या किंवा रिसायकलिंगच्या डब्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेते. टोकांवर चिकटपट्टी लावून ती होम डेपो किंवा लोव्जमधल्या बॅटरीच्या पेटीत द्यावी. फुगलेली असेल तर मात्र या पेटीत टाकू नये, ती कुठे द्यायची ते आधी विचारून घ्यावं.

आणि शेवटी, डलेस इतकं जवळ असल्याने दर सुट्टीत निघणारा बेत: गावी आंब्याच्या फांद्या छाटायला बाबांसाठी ही करवत न्यायची. करवत साखळीसह चेक-इन सामानात जाते. सुटी बॅटरी मात्र तिथे चालत नाही; ती टोकं झाकून हातातल्या बॅगेत न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवरची होते, म्हणजे बसते. आपल्या विमान कंपनीचा नियम तरीही निघण्याआधी वाचावा. खरी अडचण गावी पोहोचल्यावर येते. अमेरिकेतल्या भिंतीत १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०, आणि या करवतींचे पुष्कळ चार्जर फक्त १२० चेच असतात. साध्या प्लग-अडॅप्टरने पिना बसतात, व्होल्टेज बदलत नाही. चार्जर पहिल्याच दिवशी जळतो. चार्जरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं नसेल, तर करवत हर्नडनलाच राहू द्या आणि बाबांना तिकडच्याच दुकानातून तिकडच्या चार्जरची घेऊन द्या. इथून न्यायचीच असेल तर मापाची गोल कानस आणि दोन जादा साखळ्या न्या.